नऊ पायऱ्यांवरचा चीन

पश्चिम मांबलम, चेन्नई
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अक्का,

नमस्कार पायांवर ठेवून आधी यादी देतो, बाकीचे मागून. यातले सर्व माझ्या हातचे, कोणाचे बोट लागलेले नाही.

पहिला सम्राट, कागदी लगद्याचा, मुकुटाच्या पुढेमागे मण्यांच्या माळा. त्याचे मातीचे सैनिक, चव्वेचाळीस. एकाचे नाक दुसऱ्यासारखे नाही. त्याने जाळलेल्या पोथ्यांचा ढीग. पोथ्या बांबूच्या पट्ट्यांच्या, कारण कागद तेव्हा निघायचा होता. हान राजवटीचा कागद करणारा, चाळणीसकट. तांग राजवटीचे उंट, दोन. सोंग राजवटीचा सावकार, हातात छापील नोट. मंगोल घोडेस्वार, सहा. मिंग राजवटीचे नऊ डोलकाठ्यांचे जहाज, शिडे उघडतात आणि मिटतात. चिंग दरबारी, पुढून भादरलेले, मागे वेणी, वेण्यांसाठी टी. नगरहून खऱ्या केसांचे गंगावन आणले. राज्य बुडाल्यावर त्याच वेण्या कापणारा न्हावी. लोकांच्या घरचे तवे-कढया वितळवणारी परसातली भट्टी, अठ्ठावन्न सालची. आणि शेवटी अध्यक्ष माओ, हात वर केलेले. त्यांच्या शेजारी त्यांचा वारस, जो पुढे फोटोंतून नाहीसा झाला. त्याला मी स्क्रूवर बसवला आहे. काढता येतो, घालता येतो.

हा यंदाचा बाहुल्यांचा कोलू. अवघी चेन्नई नवरात्रात पायऱ्यांवर तेच दशावतार आणि तेच लग्नाचे वाजंत्रीवाले मांडते. मी चीन मांडणार, सम्राटांपासून पक्षापर्यंत, नऊ पायऱ्यांवर, वरून खाली.

चीन कशाला, हे तू विचारणारच. हरिप्रियाने नुंगंबाक्कमच्या क्लासात चिनी शिकून ओरगडमच्या त्या चिनी कंपनीत दुभाषाची नोकरी धरली, तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, "अप्पा, तुम्हाला मिंग आधी की चिंग आधी तेही ठाऊक नाही." मी ताटावरून उठलो नाही, पण त्या दिवसापासून सहा वर्षे वाचतो आहे. मला कोणी शिकवले नाही. मी टूलरूममध्ये साचे करणारा माणूस. कॉलेजात गेलो तो एकदाच, फाटकाची बिजागरी बसवायला. आज मिंग आधी की चिंग आधी, हे त्या कॉलेजनेच मला विचारावे.

आता मागणे. आईची मरपाची राजाराणी तुझ्याकडे आहे. तांबड्या चंदनाची ती लाकडी जोडी नसली तर कोलू हा कोलू नव्हे, नुसते प्रदर्शन. यंदापुरती ती मला पाठव.

हे फोनवर सांगितले असते. पण फोनवर आपण तमिळ बोलतो आणि मध्येच तू "साप्टियाडा?" म्हणून विचारतेस, की विषय जेवणावर जातो. अण्णांनी मराठी कागदावर शिकवली, ती कागदावरच नीट चालते.

तुझा,
बालाजीराव


तंजावर
१७ ऑगस्ट

चिरंजीव बालाजीस आशीर्वाद.

साप्टियाडा? बरे, पुढे.

यादी दोनदा वाचली. शाळेत तीस वर्षे पेपर तपासले, तेव्हा काय आहे त्याआधी काय नाही तेच दिसते. तुझ्या यादीत देव नाहीत. वरच्या पायरीवर कोणाला बसवणार आहेस? त्या पोथ्या जाळणाऱ्याला? आईच्या राजाराणीला त्याच्या शेजारी मी बसू देणार नाही.

दुसरे. तुझ्या यादीत बाई नाही. दोन हजार वर्षांचा देश, सम्राट आहेत, सावकार आहेत, न्हावी आहे, आणि बाई एक नाही. उंट दोन आहेत. त्या सगळ्यांना जेवायला कोण वाढत होते, उंट?

तिसरे. कोलू बायकांचा. आई मांडीत होती, मी मांडते, तुझ्या घरी अलमेलू मांडीत होती. तिच्याकडून तू तो कधी घेतलास, आणि तिला विचारून घेतलास काय? परवा फोनवर तिला विचारले, यंदा कोलू कसा काय, तर म्हणाली, "त्यांना विचारा अक्का, मी फक्त प्रसादाचे सुंडल शिजवणार."

राजाराणीचे मग बघू. आधी उत्तर दे.

सईबाई


पश्चिम मांबलम
२४ ऑगस्ट

तीर्थरूप अक्का,

मुद्देवार उत्तर देतो.

देव: चीनचा सम्राट स्वतःला स्वर्गाचा पुत्र म्हणवत असे, म्हणजे वरच्या पायरीवर त्याचा हक्क कागदोपत्री सिद्ध आहे. हे मी अलमेलूला सांगितले. ती म्हणाली, "स्वर्गाचा मुलगा असू दे, कलशाशेजारी बसायला त्याची पत्रिका कोणी पाहिली?" तेव्हा बदल केला आहे. पहिली पायरी कलश, देव आणि आईची राजाराणी. दुसरीवर पहिला सम्राट आणि हान दोघांनाही दाटीवाटीने. त्याखाली तांग, सोंग, मंगोल, मिंग, चिंग. आठवीवर प्रजासत्ताक आणि त्याची मारामारी. नववीवर आजचे राज्य. चूक नाही, फक्त गर्दी आहे.

चेट्टियार: खालच्या पायरीवर चेट्टियार जोडपे आणि त्यांचे वाण्याचे दुकान लागतेच, ते चुकवता येत नाही. पण नववी पायरी पक्षाची. खासगी दुकान तिथे कसे ठेवायचे यावर मी रविवार घालवला. तोड अशी काढली. पायरीच्या डाव्या टोकाला चेट्टियार, दुकान बंद, छप्पन साली सरकारने घेतले. उजव्या टोकाला तोच चेट्टियार, पोट सुटलेले, दुकान दुप्पट, पुढे मोबाइलचे चार्जर टांगलेले. मधल्या काळात चेट्टियार काय खात होता, हे दाखवायला रिकाम्या बरण्या ठेवल्या आहेत.

तंजावर: तुला आवडेल म्हणून सांगतो. सोंग पायरीवर मी एक दूत ठेवला आहे, काळासावळा, धोतरातला, हातात मोत्यांचे तबक. एक हजार पंधरा साली आपल्या तंजावरहून सोंग दरबारात वकिलात गेली होती, तिथल्या दप्तरात नोंद आहे.

बाई: बाईचे केस कठीण असतात. तांग राजवटीत एक वू नावाची सम्राज्ञी स्वतःच्या नावाने गादीवर होती. करायला घेतली आहे. अंबाडा तीनदा मोडला.

राजाराणी केव्हा पाठवतेस?

बालाजीराव


तंजावर
३१ ऑगस्ट

चिरंजीव बालाजीस आशीर्वाद.

आपल्या तंजावरहून म्हणजे कोणाच्या? वकिलात पाठवली चोळ राजांनी. आपण येथे आलो ते त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी, व्यंकोजीराजांच्या घोड्यामागून. तू माणूस मापाचा, म्हणून सांगते. दुसऱ्याचा दूत आपला म्हणून मांडायचा असेल तर मग ते पक्षवाले वेगळे काय करतात?

आता खरे विचारते. काल अलमेलू फोनवर म्हणाली, दोसे चिकटतात. मी म्हटले, पीठ आंबट जाहले असेल. नाही म्हणाली. मी म्हटले, तवा तापला नसेल. त्यावर तिने पावसाचा विषय काढला. बालाजी, त्या बिडाच्या तव्यावर आईने चाळीस वर्षे दोसे काढले, अलमेलूने पंचवीस काढले असतील, एक चिकटला नाही. तुझ्या यादीत एक भट्टी आहे, लोकांचे तवे-कढया वितळवणारी.

तवा कोठे आहे?

सईबाई


पश्चिम मांबलम
१५ सप्टेंबर

तीर्थरूप अक्का,

उत्तराला उशीर झाला. कारण असोसिएशन.

आमच्या इमारतीत दरवर्षी कोलूची स्पर्धा असते. सेक्रेटरी अनंतकृष्ण यांनी माझे नाव घालण्यापूर्वी विषय विचारला. ऐकून ते चप्पल घालून परत गेले, आणि संध्याकाळी कमिटी घेऊन आले. कमिटी म्हणजे तेच, आणि त्यांची पिशवी धरलेला वॉचमन.

"सर, तो शत्रूचा देश," ते म्हणाले.

मी म्हटले, "मग जिन्यातली रोषणाई काढा. खोक्यावर कुठे केली ते वाचा."

"ते सामान आहे सर. हा इतिहास आहे."

"सामान चालते, इतिहास चालत नाही?"

"सामानाला स्विच असतो," अनंतकृष्ण म्हणाले. माणूस मूर्ख नाही, हे मला तेव्हा कळले. मग त्यांनी तडजोड सुचवली: वरच्या आठ पायऱ्या राहू द्या, सम्राट वगैरे प्राचीन आहेत, मुलांना बरे. नववीवर पांढरे धोतर टाका, परीक्षक येऊन जाईपर्यंत. विषयाचे नाव ठेवा 'प्राचीन जगाची संस्कृती'.

मी म्हटले, कोलूत एकदा मांडलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत आणि झाकत नाहीत, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेच असेल. ते म्हणाले, त्यांच्या आईचा कोलू राम-लक्ष्मणांचा होता. स्पर्धेतून नाव कापले गेले. बक्षीस थर्मासचे होते. तोही कुठून येतो ते मला माहीत आहे.

दूताच्या तबकाखाली चिठ्ठी बदलून 'चोळांचा' असे लिहिले. तुझे बरोबर होते.

राहिला तवा. होय.

त्याचे असे आहे. त्या भट्टीत रंगवलेला पुठ्ठा घालून चालले नसते. अठ्ठावन्न साली घरोघरचे चांगले लोखंड गोळा करून परसात वितळवले आणि निघाले ते कशाच्याही कामाचे नव्हते, ठिसूळ गोळे. मी आयुष्य धातूत घालवले आहे. धातू खोटा दाखवणे मला जमत नाही. भट्टीच्या तोंडात खरे जुने बीड दिसायला हवे होते. भंगारवाल्याकडचे बीड मशिनीचे असते, त्याला चुलीचे तेज नसते. आईचा तवा घरात होता. बीड कापले जात नाही, फुटते. हातोडीने एका घावात फुटला. काम उत्तम झाले आहे.

अलमेलूने खाली पडलेला चुरा झाडून काढला. मी टी. नगरहून नवा नॉनस्टिक आणून दिला. तो ती वापरते की नाही ते मी पाहिले नाही, कारण गेले दोन आठवडे घरात इडलीच होते आहे. मला वाटले तिला इडली आवडते.

गेल्या मंगळवारी तिने माझ्याकडे ओंजळभर लगदा मागितला. मी म्हटले, कशाला? म्हणाली, "तुमच्या अक्का म्हणतात बाई नाही." दोन दिवसांनी तिने एक बाई आणून नववीवर भट्टीशेजारी उभी केली. मी प्रामाणिकपणे सांगतो: नाक फताडे, डावा हात उजव्यापेक्षा लांब, चिनी मुळीच दिसत नाही, थोडीशी तुझ्यासारखी दिसते. छातीशी दोन्ही हातांनी एक तवा धरला आहे, देत नाही म्हणून.

मी म्हटले, "प्रमाण चुकले आहे. माणसाच्या मानाने तवा फार मोठा."

ती म्हणाली, "तव्याचे माप बरोबर आहे. माणसे तुम्ही लहान केलीत."

बालाजीराव


तंजावर
१८ सप्टेंबर

चिरंजीव बालाजीस आशीर्वाद.

तुझे पत्र तव्यापाशी येईपर्यंत मी कॉफी केली, प्याले, पुन्हा वाचले. रागावून काय उपयोग? तू त्या परसातल्या भट्टीवाल्यांना नावे ठेवतोस. तुझी फक्त भट्टी लहान.

राजाराणी पाठवते आहे. शेजारचा उदयसिंह शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो, त्याच्याजवळ दिली आहे, जुन्या धोतरात गुंडाळून. देण्याचे कारण तू नव्हेस, ती बाई. ती कोलूत असेल तर राजाराणी राहील. ती काढलीस तर त्याच धोतरात गुंडाळून परत पाठव.

आता नीट वाच, अलमेलूलाही वाचून दाखव. राजाच्या कमरेला भेग आहे. अण्णांनी पितळेची खीळ घातली होती, ती आता हलते. तेव्हा विजयादशमीच्या सांजेस बाहुली झोपवायची ती राजाला झोपवायची नाही, आडवा केला की खीळ निसटते. माझ्याकडेही मी त्याला कधी झोपवीत नाही. दुसरा कोणी वडीलधारा झोपवा. नऊ दिवस उभा राहून दमला असेल असा. पाळणा म्हणा, पांघरूण घाला, चुकवू नका. न झोपवता कोलू उतरवला तर घराला झोप लागत नाही, आई म्हणायची.

सईबाई


पश्चिम मांबलम
२८ सप्टेंबर

तीर्थरूप अक्का,

राजाराणी पोचली, अमावास्येलाच पायरीवर चढली. कोलू उभा आहे. स्पर्धेत नाही, पण रांग आमच्याच दारात लागते. अनंतकृष्ण रोज सुंडल घ्यायला येतात आणि नववीकडे पाठ करून खातात.

आता मोठी बातमी. हरिप्रियाने कंपनीत फोटो दाखवला, आणि काल तिच्या मॅडम स्वतः घरी आल्या. नाव सुन्. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस आखूड, बोलणे कमी. चप्पल दाराबाहेर न सांगता काढली. पहिल्या सम्राटापासून एकेक पायरी वाचावी तशी पाहत खाली आल्या. सैनिकांची नाके पाहिली. जहाजाची शिडे मी मिटून दाखवली, तेव्हा मान हलवली. नववीवर आल्या आणि वारसासमोर उकिडव्या बसल्या. मी सांगायच्या आत त्यांना स्क्रू दिसला. दोन बोटांनी त्याला फिरवून काढला, त्याचा तळ उलटा करून पाहिला, आणि परत बसवला. शेवटचा पाव आटा घट्ट आवळून. अक्का, मांडलेली बाहुली हलवायची नसते हे मला त्या वेळी आठवले नाही. इतका नेमका हात मी आमच्या टूलरूममध्येही पाहिलेला नाही.

त्यांना हा सगळा कोलू हवा आहे. ओरगडमच्या कारखान्याची नवी लॉबी होते आहे, तिथे काचेत कायमचा ठेवणार, पुढे पितळी पाटीवर माझे नाव. इंग्रजीत, चिनीत आणि तमिळमध्ये. मी मराठीतही मागितले. हो म्हणाल्या.

रक्कमही सांगितली. आकडा पत्रात लिहीत नाही, पण टूलरूममध्ये मला तो मिळवायला फार दिवस लागतील. एक-दोन किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत, लॉबीच्या दृष्टीने. विजयादशमीला सुट्टी आहे, त्या दिवशी संध्याकाळी त्या कागद घेऊन येतील.

सहा वर्षांत माझ्या कामाला कोणी काच दिली नव्हती.

बालाजीराव


तंजावर
३० सप्टेंबर

बालाजीस आशीर्वाद.

हे पत्र उद्याच तुझ्या हाती पडावे म्हणून रात्रीच्या गाडीने येणाऱ्याकडे दिले आहे, म्हणून थोडक्यात.

तू सैनिकांची नाके मोजून लिहितोस, स्क्रूचा पाव आटा लिहितोस. आणि 'एक-दोन किरकोळ दुरुस्त्या' एवढेच लिहून पुढे गेलास. कोणत्या? तू जे मोजून लिहीत नाहीस ते तुला मोजायचे नसते, हे मला तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.

पैसे घे म्हणत नाही, नको म्हणत नाही. आकडाही सांग. आणि अलमेलूला विचारलेस काय?

सईबाई


पश्चिम मांबलम
४ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्का,

तुझे पत्र वेळेवर पोचले. ते मी शर्टाच्या खिशात ठेवले आणि अलमेलूला विचारले नाही. आता सगळे सांगतो, क्रमाने.

किरकोळ दुरुस्त्या अशा होत्या. भट्टीच्या जागी विजेवर चालणारी मोटार. ती मी करून दिली असती, भट्टीइतकीच नेमकी. चेट्टियारच्या रिकाम्या बरण्या भरायच्या. त्यात मूग घातले असते. आणि तवा धरलेली बाई काढायची. बाकी सर्व जसेच्या तसे. अध्यक्षही राहतील, वारसही स्क्रूसकट राहील. गंमत बघ: अनंतकृष्णना हवे होते नववी पायरी झाकायला, कंपनीला हवे होते ती रंगवायला. दोघांनी बोट ठेवले ते एकाच फळीवर. पाटीवर नाव मराठीत येणार म्हणून मी त्या दुरुस्त्या तुला किरकोळ म्हणून लिहिल्या.

सुन् मॅडम सहाला आल्या, कागद फाइलमध्ये घालून. हरिप्रिया मध्ये बसली. मी त्यांना तांग पायरीवरच्या सम्राज्ञीचा अंबाडा दाखवत होतो. तो शेवटी साधला आहे, गंगावनाचे उरलेले केस कामी आले. तेवढ्यात अलमेलू निरांजन घेऊन आली. दिवेलागण झाली होती, बाहुली झोपवायची वेळ. ती कोणासाठी थांबली नाही, चिनी पाहुण्यांसाठीही नाही.

तुझे आधीचे पत्र मी तिला वाचून दाखवले होते: राजाला झोपवायचा नाही, वडीलधारा निवडा, उभा राहून दमलेला. वरच्या पायऱ्यांपर्यंत तिचा हात जात नाही, गुडघ्यामुळे स्टुलावर चढता येत नाही. नववीवर वडीलधारा एकच, तोही हात वर करून उभा. अलमेलूने अध्यक्षांना दोन्ही हातांनी उचलले, पाठीवर निजवले, माझा धुतलेला रुमाल गळ्यापर्यंत पांघरला, आणि पाळणा म्हणायला लागली. आईचाच पाळणा, सगळी कडवी.

हरिप्रियाने डोळे मिटून घेतले. मला पितळी पाटी दिसली, आणि ती लांब जाताना दिसली. सुन् मॅडम उठून उभ्या राहिल्या. पाळणा संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या, हात बाजूला सरळ. मग हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. हरिप्रिया आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, "जे म्हणाल्या तेच सांग, एक शब्द कमी नको."

ती म्हणाली, "अप्पा, मॅडम म्हणतात, आमच्या राजधानीतही ते असेच निजलेले आहेत. काचेत, पांघरूण घालून. फक्त तिथे कोणी पाळणा म्हणत नाही."

अलमेलूने विचारले, "मग तिकडे त्यांना उठवतात कधी?"

हरिप्रियाने ते विचारले. मॅडमनी पहिल्यांदा तोंडावर हात ठेवला. हसू होते की काय ते मला कळले नाही, आणि हरिप्रियाने सांगितले नाही.

मग त्या वाकल्या आणि त्या बाईकडे पाहत राहिल्या, तव्याच्या बाईकडे. त्यांच्या आजीची कढई होती म्हणे, लग्नात मिळालेली. गावातल्या लोकांनी येऊन नेली, आजी फाटकापर्यंत मागे गेली. पुढे सामाईक भोजनगृह निघाले, मग त्यातले अन्न संपले, आणि घरी शिजवायला कढई नव्हती आणि कढईत घालायला काही नव्हते. हे सगळे त्या कारखान्यात पाळी बदलल्याची माहिती देतात तशा आवाजात सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई बरोबर आहे. लॉबीत ठेवता येणार नाही. लॉबीत कॅमेरा आहे, आणि माझ्यावरही साहेब आहेत."

अक्का, ज्यांना खोटे वाटते त्यांच्याशी मी भांडू शकतो. असोसिएशनशी भांडलो. ज्यांना खरे वाटते आणि तरी काढा म्हणतात, त्यांच्याशी कसे भांडायचे ते सहा वर्षांच्या वाचनात कुठे आले नव्हते. मी पेन काढले होते. खोटे सांगत नाही, टोपण उघडले होते.

अलमेलूने विचारले, "काय म्हणतात?" हरिप्रियाने आईला सांगितले. अलमेलू निरांजनाची वात सारखी करत होती. म्हणाली, "काढा की. नाहीतरी नाक नीट नाही तिचे. प्रमाणही चुकले आहे, यांनीच सांगितले."

आणि वाकून तिने त्या बाईला उचलायला हात घातला. तिने रागाने घातला असता तर मी पाहत राहिलो असतो. पण तिने तो साधा घातला, खरकटे ताट उचलावे तसा.

मी म्हटले, "हात लावू नकोस. एक बाहुली निजली, तेवढ्यावर आजचे काम झाले. ही उभी राहील."

मग मी मॅडमना सांगितले की नाक चुकले आहे, हात चुकला आहे, मी केली असती तर अशी केली नसती. पण भट्टीत जे बीड आहे ते आमच्याच चुलीवरचे आहे, ते मी फोडले आहे, आणि ते जिचे होते ती समोर निरांजन धरून उभी आहे. बाई काढली तर नववी पायरी खोटी होते, आणि माझ्या हातून खोटी पायरी जाणार नाही. आणखीही थोडे बोललो. हरिप्रियाने दोनच वाक्यांत चिनी केले. मी म्हटले, "एवढेच?" ती म्हणाली, "अप्पा म्हणतात बाई राहील, एवढे सांगितले. शिव्या गाळल्या. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, माझ्याकडे नोकरी आहे."

मॅडमनी फाइल बंद केली. राग दिसला नाही. कॉफी घेतली, सुंडल पानातले संपवून आणखी बांधून घेतले. दारात चप्पल घालताना विचारले, पुढच्या वर्षी ते उठतील तेव्हा बघायला यावे का. अलमेलू म्हणाली, "या की. पण आजीची गोष्ट घेऊन या, सुंडल मी देते." लॉबीत आता माशांची पेटी ठेवणार आहेत. हरिप्रियाचे तोंड त्या रात्री उतरले होते. काल मॅडमनी तिला दुपारी बोलावून फक्त एवढेच विचारले, सुंडलमध्ये नारळ कधी घालायचा.

काल कोलू उतरवला. राजाची खीळ मी नवी बसवली आहे, तांब्याची, दोन्ही बाजूंनी सपाट. आता आडवाही करता येईल. जोडी त्याच धोतरात गुंडाळली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो. बाई कापसात, वेगळ्या डब्यात.

नवा बिडाचा तवा आणला. सकाळसंध्याकाळ तेल लावून तापवतो, मीच. पहिला दोसा चिकटला, दुसराही. अलमेलू म्हणते, दहा वर्षे लागतील. मी मोजतो आहे म्हटल्यावर म्हणाली, मोजू नका, तेल लावा.

तू आकडा विचारला होतास. चिनी माणसांना आठ हा शुभ, म्हणून त्यांनी तो तीनदा घातला होता. आईच्या राजाराणीशिवाय, तव्याच्या बाईशिवाय, बाकी संपूर्ण चीन, सम्राटांपासून पक्षापर्यंत, काचेत, माझ्या नावाच्या पाटीसकट: आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये. नको म्हटले.

तुझा,
बालाजीराव